विजेचें तांबटकाम



कल्हईवाला दारांत भाता मांडून बसे, तेव्हां त्याच्याभोंवतीं मुलांचें कोंडाळें जमत असे, ही आठवण आपल्यापैकीं कित्येकांची असेल. भांडें निखाऱ्यावर तापवावयाचें, नवसागराची चिमूट टाकावयाची, कथलाची कांडी आंतून फिरवावयाची आणि कापसाच्या बोळ्यानें झरकन् पुसून काढावयाचें. पाहतां पाहतां तांबडें भांडें आंतून रुप्यासारखें पांढरें होई. एका धातूला दुसऱ्या धातूचें अंगडें चढवावयाचें तर विस्तव हवा, ही समजूत आपल्याकडे काय आणि इतर देशांत काय, शतकानुशतकें पक्की होती. सोन्याचा मुलामा द्यावयाचा तोही असाच. पाऱ्यांत सोनें कालवून तो लेप वस्तूवर फांसावयाचा आणि मग आंचेवर धरून पारा उडवून लावावयाचा. विस्तव नाहीं, भाता नाहीं, हातोडा नाहीं, असें तांबटकाम घरांतील मेजावर एका कांचेच्या भांड्यांत होऊं शकेल, असें दोनशें वर्षांपूर्वीं कोणी म्हटलें असतें तर त्याची गणना किमयागारांत झाली असती. तें खरें कसें झालें आणि तें प्रथम कोणीं केलें, याची हकीकत आज सांगावयाची आहे. यांतील दुसऱ्या प्रश्नावर इंग्लंडांत बरींच वर्षें भांडण चाललें होतें, आणि त्या भांडणाच्या आधींच छपाईच्या धंद्यांतील एका साध्या माणसाचें नांव जवळ जवळ पुसलें गेलें होतें.

मोरचूद आपल्याला अपरिचित नाहीं. द्राक्षाच्या बागांवर चुन्याबरोबर कालवून फवारतात तोच हा निळा खडा. तो पाण्यांत विरघळवून त्या पाण्यांत लोखंडी चाकूचें पातें क्षणभर बुडविलें तर तें तांबडें होऊन बाहेर येतें. हा चमत्कार फार जुना आहे. हंगेरीच्या राज्यांत हेरेनग्रुंड नांवाचें खाणीचें गांव होतें; तें आज स्लोवाकियांत असून श्पान्या डोलिना या नांवानें ओळखलें जातें. तेथें खाणींतून पाझरणाऱ्या पाण्यांत मोडकें लोखंड टाकून ठेवीत आणि कांहीं काळानें त्याच्या जागीं तांब्याचा गाळ काढून घेत. त्या तांब्याचे पेले घडवून, हें पूर्वीं लोखंड होतें अशा अर्थाचीं वचनें त्यांवर कोरीत. पाहणाऱ्यास तें खरेंच वाटे. वस्तुतः लोखंडाचा कण पाण्यांत उतरतो आणि त्याच्या बदल्यांत पाण्यांतील तांब्याचा कण बाहेर येऊन बसतो. ही अदलाबदल आहे, रूपांतर नव्हे. शिवाय असें बसलेलें तांबें भुसभुशीत असतें, कारण ज्या लोखंडाचा त्यास आधार, तेंच खालून झिजत असतें. बोट फिरविलें कीं तें निघून येतें. तेव्हां मुलामा म्हणून याचा उपयोग नाहीं.

टिकाऊ तांबें बसवावयाचें तर त्याला बाहेरून ढकलणारी शक्ति पाहिजे. ती शक्ति म्हणजे विजेचा अखंड प्रवाह. १८०० सालीं व्होल्टानें आपला विद्युत्स्तंभ जगापुढें मांडला, आणि पाव्हिया येथील रसायनशास्त्राचा अध्यापक ब्रुन्यातेल्ली यानें १८०५ सालीं रुप्याच्या दोन मोठ्या पदकांवर विजेच्या साहाय्यानें सोनें चढविलेंसुद्धां. हें वृत्त एका शास्त्रीय मासिकांत छापून आलें आणि तेथेंच राहिलें. व्होल्टाच्या स्तंभाचा एक दोष असा होता कीं, सुरुवातीस जोरांत वाहणारा प्रवाह थोड्याच वेळांत मंदावे. तांब्याच्या पत्र्यावर वायूचे बारीक बुडबुडे जमत आणि वाट अडवून धरीत.

हा दोष १८३६ सालीं लंडनच्या किंग्ज कॉलेजांतील अध्यापक डॅनियल यानें घालविला. त्यानें एकाच घटांत दोन द्रव वेगवेगळे ठेवले. मध्यें पडदा म्हणून बैलाच्या अन्ननलिकेची पातळ कातडी वापरली. पडद्याच्या आंत पाणी घातलेलें गंधकाम्ल आणि जस्ताची कांडी, बाहेर मोरचुदाचें पाणी आणि तांब्याचें भांडें. आतां तांब्यावर बुडबुडे जमेनात; त्यांच्याऐवजीं मोरचुदांतील तांबेंच तांब्यावर येऊन बसूं लागलें. प्रवाह तासन् तास एकसारखा वाहूं लागला. डॅनियलला हवा होता तो प्रवाह. तांब्याचा हा थर म्हणजे चुलीतल्या राखेसारखा, काम झाल्यावर खरवडून टाकावयाचा.

तो खरवडून टाकतांना एका तरुणाचें लक्ष त्याच्याकडे गेलें. त्याचें नांव वॉरन डि ला रू; वय वर्षें एकवीस. डॅनियलच्याच तत्त्वावर त्यानें एक घट तयार केला होता. त्याचें वर्णन ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’ मध्यें त्याच वर्षीं, म्हणजे १८३६ सालीं, छापतांना त्यानें जातां जातां नोंद केली कीं, तांब्यावर बसलेला थर सोलून काढला तर खालच्या पत्र्यावरील बारीकसारीक ओरखडासुद्धां त्यावर जसाच्या तसा उमटलेला असतो. संपूर्ण शोध त्या एका वाक्यांत होता. आणि लिहिणारा कोण? ज्याच्या वडिलांचा लंडनांत पत्ते व छपाईचें सामान तयार करण्याचा कारखाना होता, असा मुलगा! एका ठशाच्या हुबेहूब शंभर प्रती मिळाल्या तर ज्याला सर्वांत आधीं आनंद व्हावा, त्याच घरांतला. तरीही वाक्य लिहून तो पुढें गेला, कारण त्याला शोध हवा होता विद्युद्घटाचा. डोळ्यांपुढें असलेली वस्तु दिसावयास कांहीं वेळां गरज लागते, हें माझें मत या प्रकरणावरून अधिकच दृढ झालें आहे.

गरज असलेले तिघेजण पुढील तीन वर्षांत निघाले.

पहिला मोरित्झ याकोबी. हा मूळचा पॉट्सडॅमचा, शिक्षणानें वास्तुशास्त्रज्ञ. विजेवर चालणारें यंत्र करण्याच्या नादानें तो रशियांत सेंट पीटर्सबर्गास आला होता, आणि १८३८ सालीं त्यानें नेव्हा नदींत विजेच्या यंत्रावर होडीही चालवून दाखविली. त्या यंत्रासाठीं डॅनियलचे घट मोठ्या संख्येनें लागत. घटांतील तांब्याचे पापुद्रे निघूं लागले, तेव्हां कारागिरानें निकृष्ट तांबें वापरलें असावें असा त्यास प्रथम संशय आला, असें सांगतात. नीट पाहिल्यावर पापुद्र्यावर खालच्या पत्र्याची प्रत्येक खूण उलटी उमटलेली त्यास आढळली. मग त्यानें मुद्दाम कोरीव पत्रा घेऊन त्यावरून उठावाची प्रत काढली आणि ऑक्टोबर १८३८ मध्यें हें काम सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीपुढें ठेविलें. ‘गॅल्व्हॅनोप्लास्टिक’ हें नांव त्याचेंच; १८४० सालीं याच विषयावर त्यानें पुस्तकही प्रसिद्ध केलें.

याकोबीच्या प्रयोगाची त्रोटक बातमी लंडनच्या ‘अथेनियम’ पत्रांत मे १८३९ मध्यें आली. कृति तींत नव्हती. केवळ असें झालें आहे, एवढेंच. ती बातमी सी. जे. जॉर्डन नांवाच्या छपाईच्या धंद्यांतील एका लंडनवासी माणसानें वाचली. त्याचे स्वतःचे प्रयोग आधींच्या वर्षीं चालू झाले होते. त्यानें ‘मेकॅनिक्स मॅगझिन’ या कारागिरांच्या साप्ताहिकाला २२ मे रोजीं पत्र लिहिलें, आणि तें ८ जून १८३९ च्या अंकांत छापून आलें. पत्र लहान आहे, पण त्यांत घट कसा मांडावयाचा, पडदा कशाचा करावयाचा, तांबें कसें बसतें, आणि खिळे, पदकें व नक्षीकाम यांच्या प्रती काढण्यास त्याचा उपयोग कसा होईल, हें सर्व आहे. इंग्लंडांत ही कृति छापून कोणींही वाचावी अशी प्रथम मिळाली ती या पत्रांत. त्याचें कौतुक कोणीं केलें नाहीं. पुढच्या अंकांत लोक दुसऱ्या विषयांकडे वळले.

तिसरा टॉमस स्पेन्सर. हा लिव्हरपूलचा, लांकडावर कोरीव काम आणि सोनेरी चौकटी करण्याचा त्याचा धंदा. १८३७ मध्यें घटांत साध्या तांब्याच्या पत्र्याऐवजीं त्यानें एक पेनी टाकली, आणि थर सोलल्यावर नाण्यावरील मुखवटा व अक्षरें त्यावर उलटीं आलेलीं पाहिलीं. दुसऱ्या एका वेळीं पत्र्यावर रोगणाचे थेंब सांडले. तेवढ्या जागा सोडून बाकी सर्वत्र तांबें बसलें. अपघातांतून त्यानें धडा घेतला. जेथें तांबें नको तेथें मेण किंवा रोगण लावावें, जेथें हवें तेथें धातु उघडी ठेवावी. आपला निबंध त्यानें बर्मिंगहॅमच्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनांत वाचावयाचें ठरविलें होतें. तेथें संधि मिळाली नाहीं, म्हणून सप्टेंबर १८३९ मध्यें लिव्हरपूलच्या पॉलिटेक्निक सोसायटीपुढें तो वाचला. नमुने बरोबर होते, भाषा सोपी होती. हें वृत्त देशभर पसरलें, आणि शोधक म्हणून स्पेन्सरचें नांव सर्वतोमुखीं झालें.

आतां ही कृति घरांत कशी करीत तें ऐका. कांचेच्या रुंद भांड्यांत मोरचुदाचें दाट पाणी. त्यांत एक दिव्याची चिमणी उभी करावयाची; तिचें खालचें तोंड प्लास्टर ऑफ पॅरिसच्या बुचानें किंवा जनावराच्या मूत्राशयाच्या कातड्यानें बंद केलेलें असे. चिमणींत मिठाचें पाणी आणि जस्ताचा तुकडा. जस्ताला तांब्याची तार बांधून तिचें दुसरें टोंक नाण्याला जोडावयाचें आणि नाणें मोरचुदांत लोंबत सोडावयाचें. झालें! वेगळा विद्युद्घट नको. हें भांडेंच घट. नाण्याच्या पाठीला मेण लावावयाचें, नाहींतर तांबें दोन्ही बाजूंनीं गुंडाळून बसेल. पाण्यांतील तांबें कमी होत जातें, म्हणून मोरचुदाच्या खड्यांची पुरचुंडी वर टांगून ठेवावयाची. एक-दोन दिवस धीर धरला कीं जाड थर तयार. तो सोलला म्हणजे उलटा सांचा मिळे, आणि त्या सांच्यावर पुन्हां तोच प्रयोग केला म्हणजे सुलट नाणें.

यांत एक गंमत आहे. मुलामा पक्का बसावा असें वाटत असेल तर वस्तु अत्यंत स्वच्छ पाहिजे. बोटाचा तेलकट डागही चालत नाहीं. परंतु प्रत काढावयाची असेल तर थर सुटून आला पाहिजे, म्हणून नाण्याला मुद्दाम किंचित् तेलाचा हात लावीत. ज्या घाणीनें एकाचें काम बिघडतें, तिनेंच दुसऱ्याचें साधतें. नवशिके नेमकी येथेंच उलटापालट करीत, आणि मग आजोबांचें पदक तांब्यांत कायमचें चिणलें जाई.

तोंवर सांचा धातूचा असावा लागे. स्पेन्सर मऊ शिशाच्या पत्र्यावर लांकडी ठोकळा दाबून ठसा घेई. १८४० च्या आरंभीं रॉबर्ट मरे यानें लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें ही अडचण दूर केली. मेण, प्लास्टर, लांकूड, कशाचाही पृष्ठभाग घ्या आणि त्यावर शिसपेन्सिलींत असतें तें ग्रॅफाइट कुंचल्यानें घांसा. ग्रॅफाइटमधून वीज वाहते, म्हणून त्या काळ्या चकाकीवर तांबें निमूटपणें बसतें. एवढ्याशा युक्तीनें कपाटच उघडलें. पानें, फळें, टोपल्या, किडे, सारें तांब्याचें होऊं लागलें. इंग्लंडांतील सुशिक्षित घरांत हा छंद पसरला. चार्ल्स वॉकरच्या ‘इलेक्ट्रोटाइप मॅनिप्युलेशन’ या छोट्या पुस्तकाच्या आवृत्तीमागून आवृत्ती निघाल्या.

छंदाला शास्त्राची शिस्त लावली ती आल्फ्रेड स्मी या शस्त्रवैद्यानें. हा बँक ऑफ इंग्लंडचा वैद्य होता. त्याचें ‘एलिमेंट्स ऑफ इलेक्ट्रो-मेटलर्जी’ हें पुस्तक १८४१ सालचें. तांबें तीन रूपांनीं बसतें, हें त्यानें स्पष्ट केलें. द्रावणाच्या मानानें प्रवाह फार जोराचा असला तर काळी भुकटी बसते. फार मंद असला तर खडबडीत, ठिसूळ स्फटिक. आणि दोहोंच्या मध्यें योग्य प्रमाण सांपडलें तर चिवट, वांकविलें तरी न मोडणारें तांबें. घाई करणाऱ्याच्या हातीं काजळी येई ती याच कारणानें. आजही घरीं हा प्रयोग करणारे बहुतेक जण प्रवाह वाढवून वेळ वांचवूं पाहतात आणि काजळीच पुसत बसतात.

लोखंडावर तांबें चढविण्याचा प्रश्न मात्र मोरचुदानें सुटण्यासारखा नव्हता. त्याचें कारण आरंभीं चाकूच्या पात्यानें सांगितलेंच आहे. येथें पोटॅशियम सायनाइडच्या द्रावणाचा उपयोग झाला. बर्मिंगहॅमच्या जॉन राइट नांवाच्या शस्त्रवैद्याच्या ध्यानांत १८४० सालीं ही गोष्ट आली आणि एल्किंग्टन या कारखानदारांनीं तिचे हक्क विकत घेतले. सायनाइडमध्यें तांबें असें जखडलेलें असतें कीं लोखंड पाहतांच तें उडी घेत नाहीं. विजेनें ढकलल्यावर सावकाश बसतें. पण तें जहाल विष. त्यांत आम्ल पडलें तर निघणारा वायु प्राण घेतो. पुस्तकें पाहून लोक हें द्रावण घरांत करीत, हें वाचून आज अंगावर शहारा येतो. तें कोणींही घरीं करूं नये. मोरचुदाचें पाणीसुद्धां पोटांत जातां कामा नये, आणि प्रयोगाचें भांडें पुन्हां स्वयंपाकघरांत जातां कामा नये.

असें असलें तरी विजेच्या मुलाम्यानें वांचविलेले प्राण अधिक असावेत, असें मला वाटतें. त्यासाठीं सेंट पीटर्सबर्गासच परत जावें लागेल. याकोबी ज्या शहरांत आपल्या घटांशीं खटपट करीत होता, त्याच शहरांत १८४० च्या सुमारास सेंट आयझॅक चर्चच्या भव्य घुमटावर सोनें चढविण्याचें काम जुन्या रीतीनें चाललें होतें. पारा आणि आंच. पाऱ्याच्या वाफेनें कित्येक कामगार दगावले. साठ हा आंकडा परंपरेनें सांगतात. आणि त्याच चर्चवरील पुतळ्यांपैकीं कित्येक पुढें तांब्याच्या द्रावणांतून विजेनें घडविले गेले. बादशहाचा जांवई ड्यूक ऑफ लॉइख्टेनबर्ग याला या विद्येचा मोठा नाद होता; त्यानें १८४४ मध्यें शहरांत त्यासाठीं कारखानाच काढला. एकाच इमारतीच्या अंगावर जुनी रीत आणि नवी रीत अशा शेजारीं शेजारीं उभ्या आहेत. घुमटाकडे मान वर करून पाहणाऱ्या प्रवाशाला हें कोणी सांगतें कीं नाहीं, कोण जाणे.

छापखान्यांत तर या कलेनें शंभर वर्षें घर केलें. लांकडावर कोरलेलें चित्र हजारों प्रती छापतांना झिजे व तडकत असे. आतां मूळ ठोकळा कपाटांत ठेवून त्याच्या तांब्याच्या प्रतीवरून छपाई होऊं लागली. ब्रिटिश म्युझियमसाठीं रॉबर्ट रेडी यानें १८५९ पासून जुन्या नाण्यांच्या इतक्या हुबेहूब प्रती काढल्या कीं, फसवणूक होऊं नये म्हणून त्यांच्या कडेवर आद्याक्षरें ठोकावीं लागत. आणि ज्या डि ला रूनें तें एक वाक्य लिहून सोडून दिलें, त्याच्याच घराण्याच्या कारखान्यांत पुढें टपालाचीं तिकिटें छापण्याच्या पाट्या याच रीतीनें तयार होऊं लागल्या. १८५५ पासून हिंदुस्थानचीं तिकिटें त्याच कारखान्यांतून येत. १९२५-२६ च्या सुमारास हें काम नाशिकच्या सरकारी छापखान्याकडे आलें, तोंपर्यंत आपल्या आज्या-पणज्यांच्या हातीं पडलेल्या पत्रांवर लंडनचीच छाप असे. तांबट आळीच्या नाशकास तिकिटांचें काम यावें, हा योगायोग मला उगीचच आवडतो.

छापखान्यांतील त्या पाट्या आतां गेल्या. परंतु मोरचूद, गंधकाम्ल आणि वीज हें त्रिकूट मात्र निवृत्त झालेलें नाहीं. यंत्रांतील विद्युन्मंडलांच्या पट्ट्यांवर आणि त्यांच्या छिद्रांच्या आंतील भिंतींवर तांबें चढवितात तें याच द्रावणांतून. आणि १९९७ सालीं आय्. बी. एम्. कंपनीनें संगणकाच्या चिपांत ॲल्युमिनियमच्या जागीं तांब्याच्या सूक्ष्म तारा आणल्याचें जाहीर केलें, त्या ताराही विजेनेंच बसविलेल्या होत्या. आपल्या खिशांतील दूरध्वनींत स्पेन्सरची पेनी आहे, असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

स्पेन्सरची कीं जॉर्डनची? हें भांडण उकरून काढलें तें हेन्री डर्क्स यानें. रंगभूमीवर कांचेच्या साहाय्यानें भूत दाखविण्याची प्रसिद्ध युक्ति ज्याची, तोच हा डर्क्स. आणि तो स्वतः लिव्हरपूलचा, म्हणजे स्पेन्सरच्याच गांवचा. १८४४ सालीं त्यानें ‘मेकॅनिक्स मॅगझिन’ चे जुने अंक चाळून जॉर्डनचें पत्र लोकांपुढें ठेविलें आणि विचारलें कीं, स्पेन्सरच्या निबंधाच्या तीन महिने आधीं हें छापलेलें असतां श्रेय त्याला कसें? डर्क्सची भाषा कडवट होती. स्पेन्सरनें हें पत्र वाचून उचल केली असा त्याचा रोख होता, तो मला पटत नाहीं. १८३७ मधील पेनीची हकीकत खोटी मानण्यास मला कारण दिसत नाहीं. तिघेही आपापल्या वाटेनें तेथें पोंचले. कालक्रमच पाहावयाचा तर जाहीर करण्याचा पहिला मान याकोबीचा, इंग्लंडांत कृति छापून देण्याचा जॉर्डनचा, आणि ती घरोघर पोंचविण्याचा स्पेन्सरचा. याकोबीला रशियांत मान मिळाला, स्पेन्सरला नांव मिळालें. जॉर्डननें पेटंट मागितलें नाहीं, व्याख्यान दिलें नाहीं. कारागिरांच्या पत्रांत कारागिरांना उपयोगी पडेल असें लिहून तो आपल्या कामाला लागला.

१८५२ सालीं डर्क्सनें हें सर्व प्रकरण पुस्तकरूपानें छापलें. त्याचें नांव त्यानें ‘जॉर्डनटाइप’ असें ठेविलें. या कलेला यापुढें हेंच नांव द्यावें, अशी त्याची इच्छा होती. छापखान्यांतील लोक तिला शेवटपर्यंत ‘इलेक्ट्रोटाइप’ असेंच म्हणत राहिले.